सोवळ्यातला कॉम्प्युटर

पंचेचाळिशी ओलांडल्यावर माझ्या धाकट्या भावाने अंगावर कॉम्प्युटर घालायचं ठरवलं. या वयात लोक सकाळी चालायला जातात, फार तर बासरी शिकतात. आमचे चिरंजीव कमरेला ॲल्युमिनियमचा डबा बांधून मल्लेश्वरमच्या रस्त्यांवरून हिंडायला लागले.

घरात आम्ही दोघंच. त्याचं लग्न टिकलं नाही, माझं झालं नाही, आणि अप्पा, म्हणजे आमचे वडील, या प्रकाराच्या आदल्या वर्षी गेले होते. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळूरचं. आमची मराठी ऐकून त्याच्या ऑफिसातले पुण्याचे लोक ‘किती गोड’ म्हणतात आणि पुढचं सगळं आपसांत इंग्रजीत बोलतात.

त्याचं ऑफिस मारतहळ्ळीला. सकाळी मल्लेश्वरमहून निघालेला माणूस तिथे पोचेपर्यंत परतायची वेळ होते, असं मी म्हणते, आणि त्यात अतिशयोक्ती फार नाही. त्यातच कंपनीत माणसांना नारळ द्यायचं सत्र सुरू झालेलं. प्रत्येकाच्या नावापुढे स्क्रीनवर एक हिरवा दिवा असे. दिवा विझला की माणूस काम करत नाही, असं साहेब धरून चालत. बसमध्ये उभ्याने लॅपटॉप उघडता येत नाही. म्हणून हा उद्योग.

“फोन आहे की तुझ्याकडे,” मी म्हटलं.

“फोन हातात धरायचा असतो, अक्का. हे घालायचं असतं.”

ज्याला हा फरक कळत नाही त्याच्याशी बोलण्यात अर्थ नाही, असा त्याचा चेहरा होता. मी पोळ्या लाटायला गेले.

पुढचे काही महिने आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवण सोडून सगळं असायचं. पत्त्याएवढ्या पाटीवर अख्खा कॉम्प्युटर. ती पाटी ठेवायला बोम्मसंद्राच्या एका वर्कशॉपमधून वाकवून आणलेला डबा. कुणाच्या तरी लग्नाचं शूटिंग केलेल्या जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यातली, ज्यात डोळा घालून बघतात ती, चिमुकली स्क्रीन त्याने चष्म्याच्या काडीला बांधली होती. डाव्या तळहातावर मुलांच्या खेळातली बटणं, एका हाताने टाइप करायला, आणि ती जागेवर राहावीत म्हणून अप्पांच्या ब्लडप्रेशरच्या यंत्राचा पट्टा. छातीवर एक हिरवा दिवा. स्क्रीनवरचा दिवा लागला की हाही लागे, म्हणजे आपण नोकरीत आहोत हे चालता चालता कळावं. स्वतःला नोकरी आहे की नाही हे बघायला माणसाने मान खाली घालून छातीकडे बघावं, एवढी प्रगती माझ्या डोळ्यांदेखत झाली.

पहिल्याच दिवशी बसमध्ये एका आजींनी त्याच्यापुढे सुटे पैसे धरले आणि यशवंतपूरचं तिकीट मागितलं. मेट्रोच्या दारात तपासणीवाला त्याला रोज सगळं उतरवायला लावी, आणि मागची रांग कन्नडमध्ये त्याचा उद्धार करी. डबा तापला की भाऊ मधूनमधून उडी मारल्यासारखा चाले. शेजारच्या बाईंनी मला हळूच विचारलं, “डॉक्टरांनी बांधायला सांगितलंय का?” मी हो म्हणून टाकलं. खरं सांगण्यापेक्षा ते बरं होतं.

राहता राहिला आवाज. बाजारातला एकही इअरफोन त्याच्या कानात नीट बसेना. मग त्याने अप्पांचं कपाट उघडलं.

अप्पांना ऐकू कमी यायचं. त्यांचं श्रवणयंत्र जुन्या पद्धतीचं होतं. शर्टाच्या खिशात काडेपेटीएवढी पेटी, तिथून कानापर्यंत वायर, आणि कानात त्यांच्याच कानाच्या मापाचं करून घेतलेलं गुलाबी बोंड. नवं, न दिसणारं यंत्र घ्या म्हटलं तर म्हणायचे, “हे दिसतं म्हणून लोक मोठ्यानं बोलतात.” एकदा भावाच्या ऑफिसात घरच्या माणसांना बोलावलं होतं, तेव्हा याने त्यांना ती पेटी घरी ठेवायला लावली. वायर लोंबलेली बरी दिसत नाही म्हणे. अप्पा दिवसभर तिथे काहीही न ऐकता सगळ्यांकडे बघून हसत बसले होते.

तेच बोंड आता या महाशयांनी स्वतःच्या कानात घातलं. घट्ट बसलं. अगदी मापाचं.

“अक्का, बघ, फिट!” तो आनंदाने ओरडला. बापाचा दुसरा कुठलाही गुण अंगी लागला नव्हता, कान तेवढा लागला होता. मला राग आला आणि रडूही आलं. त्याला त्यातलं काहीच दिसलं नाही, कारण त्याच्या उजव्या डोळ्यापुढे स्क्रीन होती.

मग अप्पांचं वर्षश्राद्ध आलं. आणि त्याच दिवशी, त्याच वेळी ऑफिसात बैठक, कुणाला ठेवायचं आणि कुणाला नाही याची. रजा मागितली तर साहेबांनी विचारलं, “पण तुमचे वडील गेल्या वर्षी वेगळ्या तारखेला वारले होते ना?” तिथी म्हणजे काय हे त्यांना इंग्रजीत समजावून सांगताना याचा आवाज इतका ओशाळला की, हा खोटं बोलतोय असं मलाही वाटायला लागलं.

“रजा नाही घेत,” तो शेवटी म्हणाला. “घालूनच बसतो.”

मी म्हटलं, “वर्षातून एक दिवस अप्पांसमोर बस. तुझं नुसतं अंग नको, तू बस.” मला दुसरं काही नको होतं. त्याने हो की, हो की म्हटलं आणि चार्जिंग बघायला गेला.

भटजींनी डब्याची तपासणी केली. चामडं आहे का विचारलं, नव्हतं. हातावरचा पट्टा शिवलेला निघाला, शिवलेलं सोवळ्यात चालत नाही म्हणून तो काढायला लावून त्यांनी सुताची नाडी दिली. वायरीबद्दल शास्त्रात काही सांगितलेलं नाही म्हणाले. असा आमचा भाऊ मुकटा नेसून, कमरेला डबा, छातीवर दिवा, डोळ्यावर कॅमेऱ्याचा तुकडा आणि कानात बापाचं बोंड घालून बापाच्या श्राद्धाला बसला. खरी गंमत जानव्याने केली. भटजी ‘अपसव्य’ म्हणाले की जानवं डाव्या खांद्यावरून उजव्यावर घ्यायचं, ‘सव्य’ म्हणाले की परत. वायर जानव्यात अशी गुंतली की प्रत्येक वेळी दोन्ही एकदम इकडून तिकडे जात, आणि चष्मा नाकावरून घसरे. ‘मम पितुः’ म्हणता म्हणता तो मधेच “येस, आय ॲम हिअर” म्हणे. भटजींना वाटलं, मंत्रांना उत्तर देतोय. ते खूश होते.

पिंड झाले. कावळ्याचा घास घेऊन आम्ही गच्चीवर गेलो. कठड्यावर पान ठेवलं. वडे, खीर, भात. कावळा शेजारच्या पाण्याच्या टाकीवर बसला होता. बघत होता, येत नव्हता.

“काही इच्छा राहिली असेल,” भटजी घड्याळ बघत म्हणाले. “बोला काहीतरी.”

भाऊ बोलायला लागला. घराला रंग देतो. गोकर्णला जाऊन येतो. अक्काला सांभाळतो. (मला!) आणि मधेच, “येस, बाय फ्रायडे, डेफिनेटली.” शुक्रवारपर्यंत नक्की काय होणार, हे कावळ्याला कळेना. तो टाकीवरच राहिला.

“ते काढ आधी,” मी म्हटलं.

“अक्का, स्वल्प थांब. माझं नाव येणारे आता.”

मग मात्र माझा तोल गेला. “अप्पांना तू दिवसभर पेटी घरी ठेवायला लावलीस. तुला एक घास होईपर्यंत काढवत नाही?”

कानातलं बोंड उपसून त्याने पानाशेजारी कठड्यावर ठेवलं आणि हात जोडले. छातीवरचा दिवा हिरवाच होता. तो विझवण्याएवढं धैर्य त्याला झालं नाही.

कावळा उतरला. वड्याकडे त्याने पाहिलंही नाही. खिरीला वळसा घालून तिरकी मान करत बोंडापाशी आला, ते चोचीत घेतलं आणि हिसडा दिला. डब्यातून वायर सुटली. ती लोंबत लोंबत कावळ्याबरोबर समोरच्या नारळावर गेली.

मग भटजींनी विचारलं, “ते त्यांचंच होतं ना?”

“हो,” मी म्हटलं.

“सरी, बरं. मग पावलं. पानं घ्या.” आणि ते खाली गेले सुद्धा.

डब्यात बैठक मुक्याने चालूच होती. त्याचं नाव त्या बैठकीत, ना ठेवायच्यांत ना काढायच्यांत, शेवटपर्यंत आलंच नाही, हे त्याला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या वेळी मात्र तो मोकळ्या कानावर हात ठेवून नारळाकडे बघत उभा होता, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेला. मला खूप काही बोलायचं होतं, वर्षभराचं साठलेलं. ते न बोलता मी म्हटलं, “चल, जेवायला वाढते.”

त्याने माझ्याकडे वळून कान पुढे केला.

“काय? स्वल्प मोठ्यानं सांग.”

हे वाक्य आमच्या घरात अप्पांचं होतं. ते गेल्यापासून माझं बोलणं पुन्हा ऐकायला कुणी मागितलं नव्हतं. मी मोठ्याने सांगितलं.