वाटीच्या वरून की खालून

फरशीवाल्या आक्कांनी नडगी मोडून घेतली ती स्वतःच बसवलेल्या फरशीपायी. दुसरी कुणी असती तर सरळ तुडवून गेली असती. पण ओल्या सिमेंटवरच्या फरशीवर पाय देणं म्हणजे आक्कांच्या लेखी महापाप. म्हणून बावन्नाव्या वर्षी बाईंनी तीन फरश्या ओलांडून उडी ठोकली, उंबऱ्यावर आपटल्या आणि हाड काडकन मोडलं. स्ट्रेचरवरून विचारलं काय, तर "फरश्या हलल्या नाहीत ना?"

हॉस्पिटलात तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हाडाच्या पोकळीत रॉड घालू. गुडघा वाकवून, गुडघ्याच्या वाटीच्या खालून."

"मग गुडघे टेकता येतील?"

"चालता येईल, जिने चढता—"

"चालतं कुणीही हो! मी टेकण्याचं विचारतेय. तीस वर्षं या गुडघ्यांवर घर चाललंय."

डॉक्टरीणबाईंनी हातातली फाइल बाजूला ठेवली. "खालून घातला की काहींना टेकताना दुखतं. दुसरी रीत आहे. पाय जवळजवळ सरळ ठेवून वाटीच्या वरून. हाड दोन्हीकडून सारखंच जुळतं. वरून घातला तर दुखणं कमी राहतं असं बऱ्याच ठिकाणी दिसलंय, पण हमी नाही. शिवाय रॉड सांध्यातून जातो, तिथे इजेचा थोडा धोका."

मुलगा मध्येच बोलला, "आई, कशाला घोळ घालतेस? आता टेकायचंय कशाला? घरी बस."

"घरी बसून तुझी मोरी बघू? मला न विचारता दुसऱ्या मिस्त्रीकडून करून घेतलीस, पाणी अजून दाराकडेच पळतंय!"

मग मान डॉक्टरीणबाईंकडे वळवली.

"वरून करा," आक्कांनी फर्मावलं.

"माझा हात खालून घालायला बसलाय. वरून आमचे सर करतात. ते परवा येतील."

"येऊ देत. मोडका पाय कुठे पळून जातोय?"

ठरल्या दिवशी सर आले, वरूनच केलं.

पाचव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली, तशा आक्का एका नव्या स्वयंपाकघरात कामावर हजर. मुलगा पहारेकऱ्यासारखा दारात. आक्कांनी हळूच गुडघे टेकले. डाव्या गुडघ्यात चमक आली. थोडीच, पण आली. चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलू दिली नाही बाईंनी.

"दुखतंय ना?" मुलानं विचारलं.

"तू उजेड अडवतोयस," आक्का म्हणाल्या, "ते दुखतंय. सरक, आणि ती फरशी दे इकडे."