कोरे तुंबे

कार्तिकात ताई देवासहून दोन्ही मुलांना घेऊन माहेरी धारला आली, तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. पुण्याहून टपालाने येणारी सुधारणेची पत्रके वाचून मी वाढलो होतो. दगडाला शेंदूर फासणे म्हणजे बुद्धी गहाण टाकणे, हे मी घरात दिवसातून एकदा तरी ऐकवीच. आई म्हणे, "ऐकलं. आता पाटावर बस."

भाचा सात वर्षांचा, भाची चार. दोघांना तलावातल्या शिंगाड्याच्या वेलींपर्यंत होडीतून नेईन, असे मी कबूल करून बसलो होतो. ताई एवढेच म्हणाली, "दोघं जशी नेशील तशी परत आण."

होडी शिंगाडेवालीची. एकाच खोडाची, इतकी अरुंद की मूल नुसते मागे वळले तरी डुले. आदल्या संध्याकाळी बाईने मला सगळे बजावून सांगितले होते. मुलांनी तळाशी मांडी घालून बसायचे, हात काठाबाहेर काढायचा नाही, काही झाले तरी उभे राहायचे नाही. आणि प्रत्येकाच्या काखेखाली दोन तुंबे, म्हणजे सुकवलेले पोकळ भोपळे, बांधायचे. तिच्या झोपडीत तुंब्यांच्या जोड्या टांगलेल्या होत्या. सगळ्यांवर शेंदराचा टिळा. फक्त एक लहान जोडी वेगळ्या खुंटीवर होती, कोरी.

"भिया, सिंदूरवाला ही बाँधजो. कोरा मत छूजो."

"का? शेंदूर तरंगतो का पाण्यावर?"

"तरे तो तुंबा," ती म्हणाली. "सिंदूर म्हारे वास्ते है."

हे उत्तर मला उत्तर वाटलेच नाही.

सकाळी दाट धुके होते. बाई दुसऱ्या होडीतून आधीच वेलींकडे गेली होती. भाच्याच्या जोडीवरचा शेंदूर मी धोतराच्या सोग्याने पुसून काढला. भाचीला ती कोरी जोडी बांधली. तिच्या मापाचीच होती. निदान या दोन मुलांच्या अंगाला तरी असली खुळे शिवणार नाहीत, याचे मला मोठे समाधान वाटले.

बांबू रेटत आम्ही निघालो. थोड्याच वेळात घाट दिसेनासा झाला. आवाजही धुक्यात विरून गेले. भाची कुजबुजत बोलू लागली, तिला कोणी सांगितले नसताना.

"मामा, इथे कोण राहतं?"

"मासे राहतात."

"मग ते बोलत का नाहीत?"

वेलीला हात लावायला भाचा उभा राहिला. मी "बस" म्हणेपर्यंत होडी पालथी झाली होती.

वर आलो तेव्हा भाचा होडीला धरून खोकत होता. तुंब्यांनी त्याला छातीपर्यंत वर उचलून धरले होते. भाची कुठेच नव्हती. पाणी आणि धुके यांत फरक दिसत नव्हता. मी हाक मारली. ओ आली नाही. मग डावीकडून आवाज आला: घटाघट, थांबून पुन्हा घटाघट, जसे कोणी तहानलेले मूल तांब्याला तोंड लावून पिते. मी त्या आवाजाच्या दिशेने पोहत गेलो आणि हात घातला. हाताला केस लागले.

माझ्या हाका ऐकून बाई आली. तिने दोघांना आपल्या होडीत ओढून घेतले, भाचीला पालथे धरून पाणी काढले. मूल रडले तेव्हा कुठे बाईने कोऱ्या जोडीकडे पाहिले. हलवून पाहिली. आत पाणी डचमळले.

घाटावर तिने मला सांगितले. दरसाल ती सगळे तुंबे दगडाखाली दिवसभर पाण्यात दाबून ठेवते. जो आतून कोरडा निघेल, त्याला शेंदूर.

"मग ही फुटकी जोडी ठेवलीस कशाला?"

"म्हारे छोरे की है," ती म्हणाली. "वो डूब्यो उस दिन भी इसने ऐसे ही पिया था. फेंकी नी जाय."

मी ती जोडी देठापासून बुडापर्यंत बोटांनी चाचपली. केसाएवढी चीर असणारच. मी आजही तेच म्हणेन. मला ती सापडली नाही.

घरी ताईला काहीही न लपवता सांगितले. ती भाचीचे केस पुसत राहिली. मग म्हणाली, "पुसलास ना शेंदूर? मग तूच लाव."

दुसऱ्या दिवशी भाच्याची जोडी मी स्वतः दगडाखाली दाबली आणि संध्याकाळपर्यंत घाटावर बसून राहिलो. काढून कानाशी हलवली. कोरडी होती. बाईने पुढे केलेल्या शेंदरात बोट बुडवून मी दोन्ही तुंब्यांवर टिळा लावला. कोरी जोडी पुन्हा तिच्या खुंटीवर होती. बाईने ती माझ्यासमोरच रिकामी केली होती. तिला कान लावायचे धैर्य मला झाले नाही.