चार पदरी जीन

व्हर्लिन स्टॉडर्डच्या गावात दुधाचा रिकामा कॅन कुणी फेकून देत नसे. रविवारी चर्च सुटलं की लोक गाडीच्या डिकीतून गॅलनभराचे प्लास्टिकचे कॅन काढून त्याच्या हवाली करत आणि हा ते वाढदिवसाची भेट मिळाल्यासारखे छातीशी धरी. पाच पोरांची आई समोरून आली तर व्हर्लिन टोपी काढून उभा राही. त्या घरात आठवड्याला सहा कॅन रिकामे होत.

हे सगळं कशासाठी, तर पिस्तुलाची गोळी आत घुसल्यावर किती फुलते ते मोजण्यासाठी. टोकाला खळगा असलेली गोळी पाण्यात शिरली की पाकळ्या उलगडल्यासारखी उघडते, असं डबीवर छापलेलं असतं. पण छापलेल्या मजकुरावर विश्वास ठेवणाऱ्यांतला व्हर्लिन नव्हता. एकतीस वर्षं त्याने बुटांच्या कारखान्यात हाताने टाके घातले होते. इंचाला आठ म्हणजे आठ. कारखाना मिझुरीतून उठून परदेशी गेला, व्हर्लिन घरी बसला, आणि मोजण्याची खाज मात्र तशीच राहिली.

परसात तळ्याच्या उंच बांधापुढे दोन लाकडी घोड्यांवर फळी. फळीवर एकामागे एक सहा कॅन, काठोकाठ पाण्याने भरलेले. दहा पावलांवरून बार! पहिला कॅन आभाळात, दुसऱ्यातलं पाणी शेजाऱ्याच्या गाईवर (तिला आता सवय झाली होती), आणि गोळी चौथ्याच्या तळाशी निपचित. मग हा गुडघे टेकून ती काढणार, कॅलिपरने मोजणार, वहीत टिपणार आणि अंड्यांच्या पुठ्ठ्यात ठेवणार. त्याच्या बायकोने, नॅडिनने, एकदा ऑम्लेटसाठी पुठ्ठा उघडला तर आत तांब्याची बारा फुलं. मध्यंतरी त्याने भिजवलेल्या वर्तमानपत्रांवरही प्रयोग केले. त्या आठवड्यात बाथटब वर्तमानपत्रांकडे होता आणि नॅडिन आंघोळीला बहिणीकडे जात होती.

नॅडिनचा भाऊ हॉइट रोज कॉफीला येई आणि रोज एक पिन टोचून जाई.

"दाजी, उद्या तुमच्यावर दुधाच्या कॅननं हल्ला केला तर तुम्ही बिनधास्त. पण चोर आला तर?"

"चोर काय, कॅन काय. गोळीला सारखंच."

"सारखं कसं? चोर अंगात काही घालून येईल की नाही? की तुमच्याकडे येताना सगळं काढून येईल?"

व्हर्लिनने कप खाली ठेवला. मुद्दा बरोबर होता! कापडाने खळगा भरला तर गोळी फुलायचीच नाही. त्या दिवसापासून कॅनपुढे जीनचं चार पदरी कापड लागू लागलं. महिन्याभरात घरातल्या जुन्या पँटी संपल्या, हॉइटच्या संपल्या, आणि चर्चचे पाद्री व्हर्लिन दिसला की जीनचं जाकीट काढून गाडीत ठेवू लागले.

इकडे नॅडिनचं वेगळंच युद्ध चालू होतं. जिल्ह्याच्या जत्रेत हाताने शिवलेल्या गोधड्यांच्या गटात ती ओळीने अकरा वर्षं दुसरी आली होती. पहिली दर वर्षी विल्डा प्रुएट. ह्या वेळी नॅडिनने तीन वर्षं जमवलेल्या जीनचे चौकोन कापले होते, गडद निळ्यापासून पार विटलेल्यापर्यंत. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत गोधडी द्यायची होती. रंग सरमिसळ होऊ नयेत म्हणून तिने चार-चार चौकोनांच्या गड्ड्या बांधून वॉशिंग मशीनवर रचल्या.

सोमवारी व्हर्लिनने त्या पाहिल्या. चौकोनी. चार पदरी. दोऱ्याने बांधलेल्या. अकरा!

त्याचे डोळे भरून आले. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात बायकोने पहिल्यांदाच त्याचं काम समजून घेतलं होतं.

तासाभराने तो भिजून घरात आला आणि त्याने नॅडिनच्या केसांवर ओठ टेकवले.

"काय मोडलंस?" तिने विचारलं.

"काही नाही गं. चौकोन काय झकास कापलेस! सगळ्या गोळ्या फुलल्या."

नॅडिनने मान वळवून मशीनकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. मग पुन्हा मशीनकडे.

"व्हर्लिन," ती इतक्या हळू म्हणाली की तो दोन पावलं मागे सरकला, "माझी गोधडी कुठंय?"

त्याने ओले चौकोन टेबलावर मांडले. प्रत्येकाला एक भोक. "एक बघ," तो धीर देत म्हणाला, "सगळी बरोब्बर मध्यावर आहेत."

ह्यावर नॅडिन जे बोलली ते चर्चला जाणाऱ्या बाईला शोभणारं नव्हतं. मग तिने फ्रीजमधून अंड्यांचा पुठ्ठा काढला, सगळ्यांत सुबक, सहा पाकळ्यांची गोळी निवडली आणि त्याच्यापुढे आपटली.

"अस्सं फूल. प्रत्येक भोकाभोवती. टाके घालता येतात ना? घाल."

तीन दिवस व्हर्लिनने खुर्ची सोडली नाही. एका हातात सुई, दुसऱ्यात कॅलिपर. नॅडिन त्याच्या हातातून चौकोन ओढून घेई आणि जोडत जाई.

"दाजी, चोर आला तर सुई टोचणार का?" हॉइटने विचारलं.

"गप. पाकळी बिघडेल."

"तू रे काय दात काढतोस?" नॅडिन भावावर कडाडली. "चोराला कपडे कुणी घातले? बस इथं. दोरे ओव."

हॉइट निमूट दोरे ओवू लागला.

शुक्रवारी बाराला पाच कमी असताना गोधडी पोचली. दुपारी परीक्षक बाई, इनेझ ट्रास्क, शेजारच्या जिल्ह्यातल्या, साखळीचा चष्मा लावून तिच्यापुढे थांबल्या आणि त्यांनी कार्डावर लिहिलं: 'फुलं सुरेख, पण यंत्राने काढलेली. हातकामाच्या गटातून बाद.'

नॅडिन मटकन बाकावर बसली. व्हर्लिनचे मात्र कान लाल झाले.

"यंत्र? बाई, तुम्ही मला यंत्र म्हणालात?"

"माणसाचा हात इतका सारखा चालत नाही हो."

"ह्याचा चालतो," नॅडिन बाकावरून म्हणाली. "मी चव्वेचाळीस वर्षं भोगतेय."

"मग माझ्यासमोर काढून दाखवा एक."

व्हर्लिन दाराकडे वळला. "नवं भोक लागेल. पिस्तूल गाडीत आहे, आत्ता आण–"

"नको!" नॅडिन, हॉइट आणि ट्रास्कबाई एका सुरात ओरडले.

बिनभोकाच्याच रुमालावर त्याने फूल काढलं. भोवती विल्डासकट निम्मी जत्रा जमली. ट्रास्कबाईंनी स्वतः कॅलिपर लावला. सहाच्या सहा पाकळ्या गोधडीवरच्या फुलाइतक्याच. केसभरही फरक नाही. बाईंनी कार्ड फाडलं आणि पहिल्या नंबराची निळी फीत गोधडीला टाचली. विल्डाने नॅडिनचं अभिनंदन केलं, जबडा न हलवता.

फीत दिवाणखान्यात लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी नॅडिन कॉफी घेऊन आली तेव्हा व्हर्लिन फितीपुढे उभा राहून ती दोन बोटांत चोळून पाहत होता.

"नॅडिन, हे रेशीम आहे का गं?"

"का?"

"काही नाही. हॉइट म्हणत होता, एखादा चोर टाय घालूनही येऊ शकतो."

नॅडिनने कॉफी खाली ठेवली, फीत काढली, कपाटात बंद केली आणि किल्ली गळ्यातल्या साखळीत ओवली.