पलंगाखालचा डबा

मुंग्यांशी माझं जुनं वैर आहे. घरात साखरेचा कण सांडला तर मी आधी फडकं घेते आणि मग कोणी सांडला ते विचारते. त्यामुळे सिंगापूरच्या चोआ चू कांग भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये ती सहा वर्षांची मुलगी राहायला आली आणि तिसऱ्याच सकाळी तिच्या उशीखालून मुंग्यांची रांग निघाली, तेव्हा माझं डोकंच फिरलं. उशी उचलली तर खाली पावाचे दोन तुकडे, अर्धं उकडलेलं अंडं आणि आदल्या दिवशीची एक पोळी, व्यवस्थित घडी घालून ठेवलेली. मुलगी दारात उभी होती. ती माझ्याकडे बघतच नव्हती, त्या पोळीकडे बघत होती. मी फडकं आणलं आणि फक्त मुंग्या पुसल्या.

ही मुलगी आमची नव्हे. आम्ही नवरा-बायको बरीच वर्षं सिंगापूरला आहोत, आता पीआर, म्हणजे इथले कायमचे रहिवासी आहोत, मूलबाळ नाही. ज्या मुलांना काही काळ स्वतःच्या घरी राहता येत नाही, त्यांना इथे दुसऱ्या कुटुंबात ठेवतात. तशी कुटुंबं हवी आहेत असं कळलं आणि आम्ही नाव दिलं. मुलीचं नाव सांगायची मुभा नाही, आणि असती तरी मी सांगितलं नसतं. तिच्या घरी काय झालं ती तिची गोष्ट आहे. एवढंच सांगते, की तिथे जेवण कधी मिळायचं आणि कधी नाही.

प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं होतं, की उपाशी राहिलेली मुलं अन्न लपवतात, त्यांना रागवू नका. ऐकताना मी मोठ्या समंजसपणे मान हलवली होती. तेव्हा मुंग्या समोर नव्हत्या ना. तर मी पुण्याहून आणलेला घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा काढला, शंकरपाळ्यांनी भरला आणि तिला म्हटलं, "हा तुझा. पलंगाखाली ठेव. हा कधी रिकामा होणार नाही आणि याला कुणी हात लावणार नाही." त्या दिवशी तिने पाच वेळा जाऊन डबा उघडून पाहिला. मग रोजचंच झालं. शाळेतून आली की दप्तर पाठीवर असतानाच आधी पलंगाखाली वाकायचं, डबा हलवून बघायचा, आणि मग हात-पाय धुवायला जायचं.

चार महिन्यांनी तपासणीचं पत्र आलं. अधिकारी बाई घर बघणार, आमच्याशी बोलणार, मुलीशी बोलणार आणि मग ठरणार, की तिने आमच्याकडेच राहायचं की दुसऱ्या घरी जायचं. एव्हाना ती माझ्या मागे मागे स्वयंपाकघरात फिरायला लागली होती, पोळी लाटताना कडेला उभं राहून, शेवटी 'ला' लावायच्या इथल्या इंग्रजीत "आंटी, दिस वन नॉट राउंड ला" म्हणून माझ्या चुका काढायला लागली होती. ती गेली असती तर त्या घरात मला करमलं नसतं. इतकं सरळ होतं ते.

आणि मग मी जे केलं, ते आपल्याकडची कुठलीही बाई करेल. मी घर घासायला घेतलं. पडदे धुतले, पंखे पुसले, नवी चादर काढली. भिंतीवर तिने पेन्सिलीने काढलेली मांजर होती, तीही खोडून टाकली. सकाळी कांदेपोहे केले, वर खोबरं-कोथिंबीर घातली.

"अगं, ती तपासणीला येतेय, मुलगी बघायला नाही," नवरा म्हणाला. तो जुरोंग आयलंडवर एका प्लांटमध्ये सेफ्टी बघतो. "आमच्याकडेही लोक ऑडिटच्या आदल्या दिवशी पाइपांना रंग मारतात. मी पहिल्यांदा तिथेच जाऊन खरवडून बघतो."

"तुझे पाइप तुझ्याजवळ ठेव," मी म्हटलं.

त्याचं ऐकायला हवं होतं. कारण बाई यायच्या तासभर आधी माझी नजर पलंगाखाली गेली. पलंगाखाली खाण्याचा डबा? काय म्हणतील त्या? मुंग्या झाल्या तर? मुलगी आंघोळीला गेली होती. मी डबा उचलला आणि स्वयंपाकघरातल्या सगळ्यात वरच्या कपाटात, कुकरच्या मागे ठेवून दिला.

अधिकारी बाई वेळेवर आल्या. चिनी होत्या, चाळिशीच्या, बोलायला मऊ. पोहे आवडीने खाल्ले, पुन्हा घेतले. मी मनात म्हटलं, चला, निम्मं काम झालं. मग त्या मुलीला म्हणाल्या, "तुझी खोली दाखवतेस मला?"

मुलगी उत्साहाने पुढे गेली, पलंगाशी वाकली आणि हात आत घातला. हात तसाच बाहेर आला. तिने पुन्हा घातला, मग पोटावर पालथी पडून आत पाहिलं. उठली तेव्हा तिचा चेहरा पहिल्या आठवड्यातला झाला होता. ती रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती भिंतीला पाठ लावून बसली आणि हळूच म्हणाली, "फिनिश ऑलरेडी."

मला स्वतःचीच भयंकर लाज वाटली. चार महिने जपलेला शब्द मी एका पाहुणीपुढे मिरवायला मोडला होता. आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. मी स्टूल घेतलं, त्यावर चढले, कुकर बाजूला करताना त्याचं झाकण डोक्यात पाडून घेतलं आणि डबा घेऊन आले. जमिनीवर तिच्यासमोर बसले. "संपलं नाहीये. मी उचलून ठेवला होता. तुला न विचारता. चूक माझी आहे, तुझी नाही. सॉरी."

तिने डबा उघडला, आत पाहिलं, झाकण लावलं आणि डबा मांडीत धरून बसली. बाई काही लिहीत होत्या. मी मनात म्हटलं, गेलं सगळं.

पंधरा दिवसांनी अहवाल आला. मुलगी आमच्याकडेच राहणार होती. खाली 'सुधारणा' अशा मथळ्याखाली एकच ओळ होती: मुलीच्या वस्तूंना तिला विचारल्याशिवाय हात लावू नये, डब्याचं काम तिच्याकडेच सोपवावं. मी तो कागद फ्रिजवर लावला. नवरा येता-जाता तो मला मोठ्याने वाचून दाखवायचा. त्या दिवसापासून डबा तिनेच भरायचा, तिनेच बघायचा. मी पलंगाखाली झाडूसुद्धा विचारून घालायची. भिंतीवर नवी मांजर आली, आधीच्यापेक्षा जाड.

सहा महिन्यांनी त्याच बाई पुन्हा आल्या. या वेळी सोफ्यावर कपड्यांचा ढीग तसाच होता आणि पोहे नव्हते, आदल्या दिवशीची खिचडी होती. बाईंनी विचारलं, "डबा आहे का अजून?"

मुलीने जरा विचार केला. आठवावं लागलं तिला. मग ती आत गेली आणि बऱ्याच वेळाने डबा घेऊन आली. झाकण नीट लागलेलं नव्हतं. आत शंकरपाळ्या कमी आणि मुंग्या जास्त होत्या. कितीतरी दिवसांत तिने तो उघडलाच नव्हता.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. जन्मभर मुंग्यांच्या मागे फडकं घेऊन धावणारी मी, आणि त्या मुंग्या मला इतक्या गोड दिसल्या की डोळे भरून आले.

मुलीला आमच्या दोघींचं काय चाललंय ते कळेना. तिने डबा माझ्या हातात दिला.

"थ्रो अवे ला, आंटी," ती म्हणाली. "किचन गॉट सम मोअर."