गुळण्या करणारा सोफा

"अहो सोफेवाले, माणूस बसला की आतून कोणीतरी गुळण्या करतं," सोफा टेम्पोतून उतरवून घेताना शिक्षिकाबाई म्हणाल्या. "नातवंडं म्हणतात, भूत आहे."

"भूत उतरवायचे वेगळे पडतील, बाई."

बाई हसत गेल्या. सोफेवाल्याने सोफा उलटा केला आणि हातातली कात्री तशीच राहिली. खालच्या कापडाचे टाके वेडेवाकडे होते, झिंगलेल्या माणसाने रस्ता ओलांडावा तसे. पण शेवटची दुहेरी गाठ ओळखीची होती. तशी गाठ त्याचे वडील मारायचे, त्यांच्यामागे फक्त तो.

कापड उसवलं. स्प्रिंगांच्या मधे, काथ्यात नीट गुंडाळलेली अर्धी बाटली निघाली. ती कधी लपवली, सोफा गिऱ्हाइकाकडे कधी गेला, काही केल्या आठवेना.

त्या पिण्याच्या दिवसांत बायको बाटल्या शोधत पिठाचा डबासुद्धा उपसायची. गिऱ्हाइकाच्या सोफ्यात हात घालायचं मात्र तिला सुचलं नव्हतं. शेवटी ती माहेरी गेली. परतली ती डॉक्टरांनी त्याला गोळी सुरू केल्यावर. प्यायच्या तासभर आधी गोळी घ्यायची. दारू चढायची तेवढी चढते, पण गोडी लागत नाही, दुसरा पेला हाका मारत नाही. हळूहळू रोजची बाटली लग्नाबिग्नातल्या एखाद्या पेल्यावर आली होती.

"गोळ्या मोजत बसणार नाही मी," बायकोने सांगितलं होतं. "पण गोळीशिवाय थेंब घेतलात, तर या वेळी परत येणार नाही."

त्याने खाली पाहिलं. झाकण केव्हाच उघडून झालं होतं. हात त्याचाच होता, पण त्याला विचारून हललेला नव्हता.

झाकण त्याने पुन्हा घट्ट लावलं. सुयांच्या डब्यात अडीअडचणीसाठी ठेवलेली गोळी पाण्याबरोबर गिळली, बाटली खिडकीत ठेवली आणि तिच्याकडे पाठ करून शिवायला बसला. तासाभराने चहाच्या कपात घोटभर ओतून घेतली. कोमट, जुनाट, नुसती कडू. उरलेली मोरीत गेली.

सुटलो, असं त्याला वाटायला हवं होतं. पण गावात त्याच्या हातचे सोफे कुठे कुठे होते, ते एकेक डोळ्यांपुढे येऊ लागलं. साडूकडे. बँकेत. डॉक्टरांच्या दवाखान्यातसुद्धा, नंबर यायची वाट बघत तो त्यावरच बसायचा.

घरी बायकोला दारातच वास आला. "गोळी?"

"आधी घेतली. तासभर आधी."

तिने त्याचा चेहरा निरखला. खरं असावं. "मग उभे का? बसा की."

तो बसला नाही. घरचा सोफाही त्याने त्याच वर्षांत मढवला होता. रोज संध्याकाळी दोघं त्यावर बसून टीव्ही बघत. त्याने गादी तळहाताने दाबली, कान लावला.

"काय ऐकताय?"

"उचल पलीकडून, उलटा करू," तो म्हणाला. "आणि कात्री आण. उसवशील तूच."