सईसाठी केलेली खोली

निरवांगीहून आम्ही निघालो तेव्हा टेम्पोत सामान फार नव्हतं. गॅसची शेगडी, दोन गाद्या, पोत्यात बांधलेली भांडी. माझी मुलगी सई साडेतीन वर्षांची होती. ती मांडीवर बसून बाटलीचं झाकण बोटांत फिरवत होती. सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, पदरानं डोळे पुसत दारात उभ्या होत्या. माझे सासरे आबा मात्र गोठ्यातून बाहेरच आले नाहीत. त्यांना जे म्हणायचं ते आदल्या संध्याकाळी म्हणून झालं होतं. "आमच्यात समदी पोरं उशिराच बोलत्यात. तेवढ्यासाठी कुणी चूल येगळी करत न्हाय."

बारामती तिथून एसटीनं तासाभराच्या वाटेवर. लोक पुण्याला जातात, परदेशात जातात, त्यांच्यापुढं माझं जाणं सांगण्यासारखंही नाही. तरी हे लिहितेय ते निरवांगीतल्या माझ्या माणसांसाठी, आणि लेकरांसाठी माझ्यासारखीच परगावी खोली करून राहिलेल्या बायकांसाठी. कळंब, जंक्शन, भवानीनगर करत टेम्पो चालला होता, आणि मी मनात आबांना उत्तरं देत होते. तोंडावर एकही दिलं नव्हतं.

सईला हाक मारली तर ती बघायची नाही. म्हणून आधी तिचे कान तपासले. कान चांगले होते. मग बारामतीच्या एका डॉक्टरांनी तिला बराच वेळ खेळताना पाहिलं, आम्हाला खूप प्रश्न विचारले आणि ऑटिझम हा शब्द सांगितला. मराठीत स्वमग्नता म्हणतात, असंही म्हणाले. त्यावर गोळी नव्हती, इंजेक्शन नव्हतं. आठवड्यातून चार दिवस थेरपी, आणि तेच रोज घरी करून घ्यायचं. जितकं लवकर सुरू कराल तितकं बरं, म्हणाले. दोन महिने गावाहून ये-जा करून पाहिली. एसटीच्या हॉर्ननं सई किंचाळायची आणि थेरपीच्या सेंटरवर पोचेपर्यंत दमून झोपी जायची. नवऱ्याची नोकरी भवानीनगरच्या साखर कारखान्यावर, गळीत हंगामात त्याला सुट्टी मिळायची नाही. शेवटी तोच म्हणाला, "तू तिला घिऊन तितंच ऱ्हा. मी सुट्टीला येत जाईन."

गावात बोलणारे बोलत होतेच. कुणी म्हणे आईनं मोबाईल हातात दिला, कुणी माझ्या गरोदरपणातलं ग्रहण काढलं. मीही ऐकून ऐकून तसंच मानायला लागले होते. ग्रहणाच्या दिवशी मी कोथिंबीर चिरली होती का, हे मी खरोखर आठवत बसायची.

खोली पहिल्या मजल्यावर होती, निळ्या दाराची. खाली घरमालकीण रुखसानाभाभी फॉल-पिकोचं दुकान चालवायच्या. सई थेरपीत असली की मी त्यांच्याकडं साड्यांना फॉल लावायची. गावाकडं माझ्या तोंडी खुरपणी, वैरण, पाण्याची पाळी असे शब्द असायचे. आता सेशन, होम प्रोग्राम, आय कॉन्टॅक्ट आले. नवऱ्याशी फोनवर बोलताना मी हे शब्द वापरायची आणि तो गप्प व्हायचा. पिकातलं तो सांगायचा तेव्हा मी गप्प व्हायची.

एक गोष्ट लिहायला जड जाते. तिसऱ्या महिन्यात एका दुपारी सई जिन्यात आडवी पडून ओरडायला लागली. शेजारची दारं उघडली, माणसं बघत राहिली. मी तिला दोन चापट्या मारल्या. ती आणखी ओरडली, मी आणखी एक मारली. भाभी खालून वर आल्या. त्यांनी माझा हात धरला आणि हळूच म्हणाल्या, "पोरीवर राग न्हाय तुजा. ज्यांच्यावर हाय ते हितं न्हाईत."

मी तिथंच पायरीवर बसून रडले. दुसऱ्या दिवशी थेरपीच्या मॅडमना सगळं सांगितलं. वाटलं, रागावतील. त्यांनी एवढंच विचारलं की ओरडण्याच्या आधी काय झालं होतं. आठवून पाहिलं, तर शेजारी भिंतीला ड्रिल लावत होते. मॅडम म्हणाल्या की आपल्याला जो नुसता आवाज असतो तो सईला सहन होत नाही, आणि ते सांगायला तिच्याजवळ शब्द नाहीत. त्या दिवसापासून मी तिच्याकडं बघायच्या आधी तिच्या भोवती बघायला शिकले. त्यानंतर कधी हात उगारला नाही असं नाही म्हणत. पण खाली आणला.

तिसऱ्या वर्षी आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन बारामतीत झालं आणि ते तीन आठवडे आमच्या खोलीत राहिले. काळा चष्मा लावून खाटेवर बसायचे. सईशी बोलायचे नाहीत, माझ्याशीही कामापुरतंच. एक दिवस घरात बसून कंटाळले म्हणून सेंटरवर आले आणि मॅडमना सरळ विचारलं, "ही बरी कवा व्हनार?"

मॅडम म्हणाल्या की ताप उतरतो तसं हे उतरणार नाही. सई शिकेल, तिच्या चालीनं शिकेल, पण राहील सईच. कर्कश आवाजाची भीती धाक दाखवून जात नसते, हेही त्यांनी समजावून सांगितलं.

परत येताना आबा रस्त्यात थांबले. मला वाटलं डोळा दुखतोय. ते म्हणाले, "कुट्टीच्या मशीनपाशी मी तिला बळंच हुभं करायचो. भ्या मोडावं म्हनून."

मला ठाऊक होतं. कडबा तोडायचं ते मशीन सुरू झालं की सईचं किंचाळणं घरात ऐकू यायचं, आणि मी पिठाचे हात घेऊन तशीच उभी राहायची. मी नुसतं "व्हय, आबा" म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि चालू लागले.

दुसऱ्या दिवसापासून ते जमिनीवर सईसमोर बसायला लागले. बोलता न येणाऱ्या मुलांना चित्रांची कार्डं देतात. हवं ते कार्ड हातात द्यायचं की ती वस्तू मिळते. आबा एकेक कार्ड डोळ्याजवळ नेऊन बघायचे आणि मला अर्थ विचारायचे. ते गावी जायच्या दोन दिवस आधी सईनं पाण्याचं कार्ड त्यांच्या हातात ठेवलं. आबा इतक्या घाईनं उठले की पेल्यातलं निम्मं पाणी सांडलं.

घराचं कार्ड करताना मी काही विचार न करता निरवांगीच्या घराचा फोटो चिकटवला होता. सई त्याला हात लावायची नाही. मॅडमनी विचारलं, सेंटरवरून ती जाते कुठं? मग मी निळ्या दाराचा फोटो काढला. दुसऱ्याच दिवशी तिनं ते कार्ड दिलं. बरं वाटलं आणि वाईटही वाटलं.

मागच्या दिवाळीत आम्ही गावी होतो. भाऊबीजेला घर पाहुण्यांनी भरलेलं, पोरं फटाके वाजवत होती. सईनं कान दाबले. मग तिनं पिशवीतून निळ्या दाराचं कार्ड काढलं आणि आबांच्या हातात दिलं.

"काय मागतीया?" आत्याबाईंनी विचारलं.

मी खोटं सांगणार होते, पण आबा म्हणाले, "घर."

"मंग हे काय हाय?"

आबांनी माझ्या नवऱ्याला मोटारसायकल काढायला सांगितली. पाहुणे थांबा म्हणाले, जेवून जा म्हणाले. आबा म्हणाले, "पोरीनं सांगितलंय. सांगून आपुन ऐकलं न्हाय, तर परत कशापायी सांगंल?"

आम्ही निघालो. आत्याबाई आत गेल्या होत्या, त्यांचा निरोप घेता आला नाही. वाटभर माझा जीव त्यांच्यापाशी होता आणि सई माझ्या कुशीत शांत झोपली होती. मी लग्न होऊन जिथं गेले ते निरवांगीचं घर माझंच आहे, अजूनही स्वप्नात तिथलीच चूल येते. पण सई दमली, भ्याली की जिथं जायचं म्हणते ते हे दार आहे, आणि तिच्यामुळं आता माझंही.

आठवड्यानं आत्याबाई एकट्या एसटीनं बारामतीला आल्या. चार वर्षांत पहिल्यांदा. चकलीचा डबा ठेवला, खोली बघितली, भाभींशी बोलल्या, सईची कार्डं एकेक करून पाहिली. त्यात सईचे पप्पा होते, मी होते, आबा होते. त्यांनी गठ्ठा पुन्हा एकदा चाळला. मग डोक्यावरचा पदर सारखा करत भिंतीला टेकून बसल्या.

"माजाबी एक फोटू काड," म्हणाल्या. "तिला मला बोलवावं वाटलं तर काय दावंल?"