मेयरने मोजलेले हात

शिकागोच्या पश्चिमेला आम्ही राहायचो त्या गावाचा मेयर स्विस होता. विशीत अमेरिकेत आला, बेकरीत पाव भाजले, मग हार्डवेअरचं दुकान काढलं, कौन्सिलवर गेला आणि शेवटी मेयर झाला. तरी दर शनिवारी सकाळी तो स्वतःच्या दुकानाच्या काउंटरवर उभा राहून तक्रारी ऐकायचा आणि दुपारी जागेवर जाऊन बघायचा. लोकांना तो आवडायचा तो यामुळेच.

माझी तक्रार फुटपाथची होती. शाळेच्या रस्त्याला तो नव्हताच. बर्फाचे ढीग साचले की माझी मुलगी गाड्यांमधून चालायची. मेयर माझ्याबरोबर शाळेपर्यंत चालला, बूट भिजवून घेतले आणि म्हणाला, "पुन्हा निवडून आलो तर उन्हाळ्यात करतो." विरोधातल्या उमेदवाराला हा खर्चच नको होता.

मी कामाला लागले. मराठी घरांत फोन केले, पत्रकं वाटली, मेयरला आमच्या संक्रांतीला बोलावलं. त्याने तिळगूळ खाल्ला आणि म्हणाला, "माझ्या गावी चौकात जमून हात वर करून मत देतात. इथे माझे किती, बघू."

हॉलभर हात वर झाले. तो एकेक मोजू लागला. माझ्या शेजारी पीएचडी करणारी एक मुलगी बसली होती. ती हळूच म्हणाली, "काकू, यातले सिटिझन किती?"

मी हात खाली घेतला. एक डॉक्टर जोडपं सोडलं तर सगळे ग्रीन कार्डवाले नाहीतर व्हिसावाले. "दोन वर्षांत परत जायचंय" हे आम्ही अकरा वर्षं म्हणत होतो. बाकी कोणालाच मत नव्हतं आणि हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

निघताना मी मेयरला खरं ते सांगितलं. तो खूप हसला. "मीही परतच जाणार होतो. माझं पहिलं मत पडायला नऊ वर्षं लागली. तुम्ही असं करा, ज्यांना मत आहे त्यांची दारं वाजवा."

वाजवली. फेब्रुवारीभर, ऑफिस सुटल्यावर, साडीवर जाड कोट घालून. दोघांनी तोंडावर दार लावलं, एका आजीने कॉफी दिली. त्याच आठवड्यात सिटिझनशिपचा फॉर्मही मागवला.

"म्हणजे आता परत जायचं नाही?" नवऱ्याने विचारलं.

"जायचं तेव्हा जाऊ. तोवर मुलगी याच रस्त्याने चालणार आहे."

तो आठवड्याने स्वतःसाठी दुसरा फॉर्म घेऊन आला.

मेयर थोडक्यात निवडून आला आणि शाळा उघडायच्या आत फुटपाथ झाला. पुढच्या निवडणुकीला तो परत उभा होता. मी मत देऊन थेट त्याच्या दुकानात गेले आणि काउंटरसमोर हात वर केला.

"हा मोजा," म्हटलं.